सतरा नंबरचं बूच

४ मार्च

भावोजींना नमस्कार.

गेला आठवडाभर रोज सकाळी अकराला तुम्हाला फोन लावते आहे. घंटा वाजत राहते, कुणी उचलत नाही. बोलायचं नसेल तर तसं कळवा. मी रागावणार नाही. निदान फार नाही. पत्र मात्र फोडावंच लागतं, म्हणून हे पत्र.

मुद्द्यावर येते. तुमचे दादा मागे ठेवून गेले ती निळी गाडी. सकाळी थंड असताना नीट सुरू होते. जरा तापली आणि चोक आत ढकलला की नाटक सुरू. गाडी जागेवर उभी असताना इंजिनाचा वेग आपोआप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. सिग्नलला थांबले की स्टिअरिंग, आरसा आणि माझा चष्मा एकदम थरथरायला लागतात, आणि शेवटी इंजिन बंद. रस्त्यावर पळताना काहीही तक्रार नाही. म्हणजे काम करताना शहाणी, रिकामी बसली की बिघडते. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

गेल्या वर्षी मी लायसन्स काढलं. सहासष्टाव्या वर्षी, पहिल्या फटक्यात. पण या थरथरीमुळे बाजाराच्या पुढे जाता येत नाही, आणि मला एका ठिकाणी जायचं आहे. तीस तारखेला गाडीची सरकारी तपासणी आहे. तिथे उभ्या गाडीचा धूर आणि वेग मोजतात. नापास झाली तर भंगारात द्यायची, असा शब्द मी लेकाला देऊन बसले आहे. त्याने भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवूनही ठेवला. इथला गॅरेजवाला म्हणाला, "आजी, आता हिला आराम द्या." हिला म्हणजे नक्की कुणाला, ते मी विचारलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही या गाडीचं बॉनेट उघडून तासभर उभे राहिलात आणि एक अक्षर न बोलता बंद केलंत. त्यावर मी चारचौघांत काय बोलले ते तुमच्या लक्षात असेल. माझ्याही आहे. तो विषय आत्ता नको. आत्ता गाडी.

दुरुस्ती मी स्वतः करणार, घरी. दादांची हत्यारांची पेटी आहे. काय करायचं ते क्रमाने लिहा.

तुमची वहिनी

ता. क. तब्येत कशी आहे?


८ मार्च

वहिनी,

तुमचं अक्षर बघून आधी पाकीट उलटंपालटं केलं. म्हटलं, पत्ता चुकला की काय. मग आत 'मुद्द्यावर येते' वाचलं आणि खात्री पटली.

फोन बिघडलाय. दुरुस्त व्हायचा नाही. पत्रच बरं.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, पण 'क्रमाने लिहा' म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. तर क्रमाने.

पहिलं, गाडी मोकळ्यावर काढा. शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धुराने माणूस आडवा होतो. पदर घट्ट खोचा. पंख्याला पदर आणि पाना यांतला फरक कळत नाही. दुसरं, एअर फिल्टर काढून बघा, घाण असेल तर नवा टाका. तिसरं, इंजिन गार झालं की चारही प्लग काढून त्यांची तोंडं बघा. विटकरी असतील तर उत्तम. काळी असतील तर पेट्रोल जास्त होतंय. पांढरी असतील तर हवा जास्त होतेय. चौथं, कार्बोरेटरवर जे दोन स्क्रू दिसतील त्यांना हात लावायचा नाही. हात शिवशिवतील. तरी नाही.

पाचवं आणि महत्त्वाचं. इंजिन स्लोला, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना, जो आवाज येतो तो जसाच्या तसा लिहून पाठवा. वर्णन नको, आवाज. चेष्टा करत नाहीये.

तब्येत झकास. आमच्या हिचा नमस्कार.

तुमचा भावोजी


११ मार्च

भावोजी,

फिल्टरमध्ये तीन वाळकी पानं आणि एक मेलेलं फुलपाखरू निघालं. नवा टाकला. फरक शून्य. चारही प्लग पांढरे, खडूसारखे. त्यांवर एक ते चार क्रमांक टाकून ज्याचा त्याच्या जागी बसवले. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर निरीक्षण लिहायचं, हा माझा नियम आहे. एकतीस वर्षं रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. एक रबरी बूच सोडलं तर माझ्या हाताखालून काहीही हरवलेलं नाही. सतरा नंबरचं. त्याची चौकशी मी निवृत्त होईपर्यंत रजिस्टरात 'चालू' होती.

आता तुमचं पाचवं. तुम्ही चेष्टा करत नाही म्हणता, पण मला ती वाटते. जुना राग काढायचा असेल तर सरळ काढा. माझ्यासारख्या बाईला वहीत 'घुर्र' लिहायला लावण्यात काय मिळालं? तरी लिहिते, कारण प्रयोग अर्धवट सोडायची सवय नाही:

घुर्र घुर्र घुर्र फस्स घुर्रर्रर्र (वेग वाढतो) घु घु घु (कमी होतो) फस्स भुक् (काच हादरते) घुर्रर्रर्र.

हे लिहिताना फाटकाशी पोस्टमन उभा होता. मी मोठ्याने म्हणून बघत होते, ते त्याने ऐकलं. आता तो सायकलवरून जाताना मला "घुर्र, आजी" म्हणतो.

पुढचं सांगा. एकोणीस दिवस उरले.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

वा! असा आवाज मला आजवर एकाही मेकॅनिकने लिहून दिला नव्हता. मी टेबलावर बोटांनी वाजवून बघितला, हीसुद्धा हसली. त्या 'फस्स'मध्ये सगळं आहे. आणि पांढरे प्लग त्याला साक्ष आहेत. इंजिनात कुठूनतरी चोरवाटेने हवा शिरतेय. पेट्रोल मोजून येतं आणि हवा न मोजता, म्हणून ती बिचारी कधी धावते, कधी धापा टाकते. पळताना भरपूर हवा लागतेच, त्यामुळे तेव्हा पत्ता लागत नाही.

आता कार्बोरेटरभोवतीचे रबरी पाइप एकेक हाताने चाचपा. कडक झालेत का, चिरलेत का, टोकाशी सैल आहेत का. पाइप बरं का. फक्त पाइप.

बुचाचं वाचून मला जोराचा ठसका लागला. पाणी प्यायलो, बरं वाटलं.

भावोजी

ताई, ही ओळ मी खाली गुपचूप लिहितेय, पाकीट मीच चिकटवते. फोन बिघडलेला नाही, यांचे कान गेलेत. उजवा पूर्ण, डाव्यात नुसती शिट्टी. घंटा यांच्या उशाशी वाजते आणि हे खुशाल पेपर वाचत बसतात. मी बालवाडीतून दोनला घरी येते, तुम्ही अकराला करता. आवाज लिहून मागितला तो चेष्टेने नव्हे हो. दोन वर्षांत यांनी एकही इंजिन ऐकलं नाही. तुमचं 'घुर्र घुर्र' चार वेळा वाचलं यांनी. कुणाला सांगू नका म्हणतात, पण तुम्हाला सांगायला हवं होतं. – तुमची जाऊ


१७ मार्च

भावोजी,

तुमच्या पत्रासोबत आणखी एक ओळ होती. ती मी वाचली. तुम्ही तिच्यावर ओरडायचं नाही. ओरडलात तर मी येऊन ओरडेन, आणि माझा आवाज डाव्या कानालाही ऐकू येईल.

मला वाटलं, तुम्ही रागाने फोन उचलत नाही. एका ओळीत सांगता आलं असतं. पण मीही एका ओळीत विचारलं नाही. तो विषय संपला. इथून पुढे आवाज अधिक काळजीपूर्वक लिहीन.

पाइप सगळे तपासले. एक कडक झालेला होता, बदलला. फरक किरकोळ. मग मी ठरवलं, हाताने चाचपणं हे काही शास्त्र नव्हे. गॅसच्या शेगडीची गळती आपण कशी शोधतो? साबणाचं पाणी लावून. बुडबुडे आले की गळती तिथे. इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी भरलं आणि इंजिन चालू ठेवून एकेका जोडावर मारलं. विजेच्या वायरी सांभाळून. एकूण चौदा जागा, तक्ता सोबत आहे. बुडबुडे: शून्य. म्हणजे गळती नाही. तुमचा 'फस्स' चुकला.

समोरच्या घरात दंतवैद्यीण राहते. माझी जुनी विद्यार्थिनी. ती कुंपणावरून म्हणाली, "मॅडम, गाडीला आंघोळ?" मी म्हटलं, "निदान." ती म्हणाली, "मग तिला तोंड उघडायला सांगा." दवाखाना चांगला चालतो म्हणून विनोद सुचतात.

वेळ तेरा दिवस. आवाज: घुर्र घुर्र फस्स घुर्रर्रर्र घु घु घु भुक्.

वहिनी

ता. क. तक्त्यात अकराव्या जागेपुढे कंसात लिहिलं आहे की फवारा मारल्यावर सुमारे चार सेकंद इंजिन एकदम शांत, एकसारखं चाललं. तिथे नीट दिसत नाही, इंजिनाच्या मागच्या बाजूला, आतल्या पत्र्याच्या भिंतीकडे. फवारा चुकून गेला होता. निरीक्षणातली चूक समजून सोडून द्यावं.


२० मार्च

वहिनी!

सोडून काय द्यावं! पत्र वाचता वाचता उभा राहिलो आणि खुर्ची मागे पडली. मला ऐकू आलं नाही, हिने सांगितलं.

शेगडीतून गॅस बाहेर येतो, म्हणून बुडबुडे येतात. इंजिन फुंकत नाही हो, ओढतं! श्वास आत घेणाऱ्या माणसाच्या ओठांवर साबण लावलात तर बुडबुडा येईल का? तो साबण गिळेल. तुमच्या अकराव्या जागेने पाणी गिळलं, भोक चार सेकंद बुजलं, आणि तेवढा वेळ ती नीट चालली. ज्या ओळीला तुम्ही चूक म्हणालात तेच उत्तर आहे. बाकीच्या तेरा ओळी फाडून टाका.

गळती तिथेच आहे. आता तिथे वाकून बघा.

काय दिसेल ते मला विचारू नका. मी सांगू शकत नाही. आजवर पाइप पाइप करत होतो ते उगाच नव्हे. मी एका माणसाला शब्द दिला होता. तुम्ही स्वतः शोधलंत तर माझा शब्द मोडत नाही. शोधाच. आणि काही सापडलं तर आधी खाली बसा, पाणी प्या, मग रागवा.

भावोजी


२३ मार्च

भावोजी,

बसले. पाणी प्यायले. आता लिहिते.

मागच्या बाजूला डोकं जाईना, म्हणून दंतवैद्यिणीला बोलावलं. ती दाढा बघायचा छोटा आरसा आणि कपाळावरचा दिवा घेऊन आली. बॉनेटमध्ये वाकून म्हणाली, "मॅडम, मागची दाढ किडलीय. कुणीतरी काळं काहीतरी भरून ठेवलंय, वर तारही आवळलीय. भरलेलं चिरलंय."

मी म्हटलं, "इंजिन गार आहे. उपट."

तिने पकडीने तार सोडवली आणि ते बाहेर काढलं. लाकडाइतकं कडक झालेलं, मधोमध भेगाळलेलं रबरी बूच. तिने रुमालाने पुसलं. पुसताना थांबली. मग ते माझ्या तळहातावर ठेवून दोन पावलं मागे सरकली.

खालच्या बाजूला, माझ्या अक्षरात, काळ्या शाईत: १७.

ती म्हणाली, "मॅडम, हे तेच? ज्याच्यासाठी तुम्ही आमच्या सबंध वर्गाला वीस मिनिटं उभं केलं होतं?"

मी म्हटलं, "पंचवीस."

"माझी बस चुकली होती त्या दिवशी!"

मग ती हसायला लागली. बॉनेटला धरून हसत होती. मी गंभीर राहण्याचा प्रयत्न केला. भावोजी, मला जमलं नाही. दोघी अंगणात गाडीच्या बंपरवर बसून इतक्या हसलो की पोस्टमन सायकलवरून उतरून चौकशी करायला आला. त्याला काय सांगणार? मी म्हटलं, "घुर्र." तोही हसला.

तर बारा वर्षांपूर्वीचा चोर, म्हणजे तुमचे दादा, शेवटपर्यंत माझ्याच घरात जेवत होता. माझ्या शेजारी बसून "मुलं हल्ली फार बेफिकीर झालीत" म्हणत होता. आणि तुम्हाला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी बॉनेट उघडून तासभर गप्प उभे होतात, ते यासाठी. मला सगळं सांगा. क्रमाने.

गाडी आता अंगणात मोकळ्या भोकाने उभी आहे. त्यात काय घालू? सात दिवस.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

क्रमाने सांगतो.

त्या साली तुम्ही अठ्ठेचाळीस बुचं नंबर घालायला घरी आणली होतीत. शाई वाळायला जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवली होती. त्या संध्याकाळी दादांच्या गाडीचं ते मागचं टोपण फुटलं. दुकानं बंद झालेली. सकाळी तुम्हाला मुलांच्या परीक्षेला वेळेवर पोचवायचं होतं. त्यांनी टेबलावरचं एक उचलून ठोकलं, तारेने आवळलं. मनात होतं की दुसऱ्या दिवशी टोपण आणून बूच परत ठेवू. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात त्या वर्गाला उभं करूनच. तिथेच दादांचा धीर सुटला. मला म्हणाले, "अरे, तिने चौकशी लावलीय!" मी म्हटलं, सांगून टाका. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात." तो आठवडा काही आला नाही.

मी बॉनेट उघडलं तेव्हा दादा माझ्या शेजारी उभे राहून खुणा करत होते. टोपण त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. बूच काढलं असतं तर नंबर तुमच्यासमोर आला असता. म्हणून स्क्रू थोडे फिरवून जेमतेम बसवलं आणि गप्प राहिलो. पुढच्या खेपेला गुपचूप टोपण लावणार होतो. मग तुम्ही म्हणालात, "ज्यांना येत नाही त्यांनी हात लावू नये." पुढची खेप राहून गेली. दादांनी नंतर मला चार पानांचं माफीचं पत्र लिहिलं. तुम्हाला दाखवू नकोस, अशी ओळ त्यात तीनदा आहे. शब्द घेणारा माणूसच गेल्यावर तो शब्द परत कुणाकडे करायचा ते मला कळेना, म्हणून तसाच ठेवला.

ते टोपण मी त्यानंतर लगेच घेतलं होतं. अकरा वर्षं माझ्या खणात होतं. पुडीत बांधून याच पाकिटात घातलंय. रबराचं नाही, पितळेचं आहे, ते चिरत नाही. आट्यांवर हाताने बसवा, मग पान्याने पाव फेरा. त्यानंतर, आणि त्यानंतरच, तुम्हाला स्क्रूला हात लावायची परवानगी आहे. इंजिन गरम करा. मोठा स्क्रू वेगाचा, छोटा मिश्रणाचा. छोटा पाव-पाव फेरा फिरवा, जिथे ती सगळ्यात एकसारखी चालेल तिथे थांबा. मग मोठ्याने वेग खाली आणा.

कुठे थांबायचं ते मला इथून सांगता येत नाही. तुम्हाला ऐकूनच ठरवावं लागेल. माझ्या वाटचंही ऐका.

भावोजी


२ एप्रिल, तुमच्या पायरीवरून

भावोजी,

घंटा तीनदा वाजवली. खिडकीतून तुम्ही दिसताय, पाठमोरे, पेपरात डोकं घालून. जाऊबाई बालवाडीत असणार. म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवते. पायाशी काही पांढरं दिसलं की उचला.

टोपण बसवलं. छोटा स्क्रू नऊ वेळा फिरवला, तक्ता केला, मग तक्ता बाजूला ठेवून डोळे मिटून ऐकलं. तीस तारखेला गाडी पास. तपासणारा म्हणाला, "कुणाकडे करून घेतलंत?" मी म्हटलं, "माझ्या भावोजींकडे." भंगारवाल्याचा नंबर लेकाने फ्रिजवरून स्वतः काढला आणि मला विचारलं, "आई, माझ्या गाडीचं पण बघशील का?" बघीन म्हटलं, रांगेत थांबावं लागेल.

कॉलेजला पत्र टाकलं: बूच क्रमांक १७ सापडले, चौकशी बंद करावी, त्या वर्गाला माझा निरोप द्यावा की चूक माझी होती. त्या सकाळी घरून निघताना मी बुचं मोजली नव्हती. एकतीस वर्षांत त्या एकाच दिवशी.

मला एका ठिकाणी जायचं आहे असं लिहिलं होतं ना? ते ठिकाण हे. एकशे चाळीस किलोमीटर, बावीस सिग्नल. एकदाही बंद पडली नाही. सतरा नंबर समोर काचेपाशी ठेवलं होतं, सबंध वाट बघत आलं.

चारचौघांत जे बोलले ते मी मागे घेते. तेही चारचौघांतच घ्यायला हवं, म्हणून मागच्या सीटवर दंतवैद्यीण आहे. पोस्टमनही यायचं म्हणत होता, पण त्याला रजा मिळाली नाही.

गाडी फाटकाशी आहे. न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. ती तपासायला कान लागत नाहीत. बाहेर या आणि बॉनेटवर हात ठेवा. निकाल याच कागदाच्या मागे लेखी द्यायचा. तोंडी चालणार नाही.

वहिनी


(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

वहिनी,

हात ठेवला. वाटलं, तुम्ही बंद करून ठेवलीय आणि माझी फिरकी घेताय. मग मागे जाऊन धुराच्या नळीशी तळवा धरला. ऊन हवा लागली. एकसारखी.

पैकीच्या पैकी.

आता आत या. आणि चावी द्या, मला जरा हिच्यात बसू दे.